पाचवे शील आणि आपली शाळकरी मुले



विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. मुलेही हात जोडून आपल्या पाठोपाठ पाली शब्द अचूक म्हणतात. पण पाचव्या शीलाचा अर्थ विचारला की मुले गप्प बसतात आणि मोठी माणसे इकडेतिकडे पाहू लागतात. म्हणून आठवी ते दहावीच्या मुलांना हे शील कसे शिकवावे, याचा विचार या पाठात करू.

प्रथम शब्दार्थ. सुरा म्हणजे पिठापासून, धान्यापासून केलेली दारू. मेरय म्हणजे फुले, फळे, मध यांपासून केलेली. मज्ज म्हणजे मद आणणारी वस्तू. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. माणूस बेसावध झाला की उरलेली चार शीले त्याच्या हातून केव्हा मोडतील, याचा नेम राहत नाही.

विनयपिटकातील सागत भिक्षूची कथा मुलांना अवश्य सांगावी. सागताने एका भयंकर नागाला नमविले होते. कौशांबीच्या उपासकांनी कौतुकाने घरोघरी त्याला मद्य दिले. तो नगराच्या वेशीत कोसळला. भिक्षूंनी उचलून आणले, तेव्हा बुद्धांकडे पाय करून तो पडला. नागाला नमविणारा आता पाणसापालाही नमवू शकत नव्हता. या प्रसंगावरून भगवंतांनी भिक्षूंना मद्यपान वर्ज्य केले. यात कोप नाही, शाप नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून काढलेला नियम आहे. राजगृहाच्या तरुण सिगालालाही बुद्धांनी मद्याचे सहा तोटे सांगितले: धनहानी, भांडणे, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. मुलांना विचारावे, यांपैकी कोणते तुमच्या गल्लीत पाहिले? उत्तरे मुलेच देतील.

एखादा हुशार मुलगा विचारील, "सर, शीलात तंबाखूचे नाव कुठे आहे?" प्रश्न योग्य आहे. त्याला दडपू नये. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर या देशात आली, म्हणजे बुद्धांनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी. दारूसारखी तिची झिंग नसते, हेही खरे. पण बुद्धांनी दुःखाचे मूळ तृष्णेत दाखविले. जी वस्तू तासातासाला तुम्हांला हाक मारते, तिचे तुम्ही गुलाम आहात. आपण गुलामी टाकली ती पुन्हा पुडीत बांधून घेण्यासाठी नव्हे.

आता शरीराचे पाहू. तंबाखूतील निकोटीन मेंदूला सवय लावते. चुना लावल्याने ते तोंडाच्या त्वचेतून अधिक लवकर रक्तात जाते. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठर होते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. वर्गात एक चाचणी घ्यावी: आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील तर त्या मुलाला न रागावता दंतवैद्याकडे न्यावे. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून कोवळ्या वयात लागलेली दारू, गांजा वा झोपेच्या गोळ्यांची सवय अधिक घट्ट बसते. विषारी दारूने तर २०१५ साली मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे एका फटक्यात गेली.

येथे माझी चूक सांगतो. मी ऊसतोड मजुराचा मुलगा, घरातील पहिला पदवीधर. पाटोदा तालुक्यात शिकवितो. नववीतल्या एका मुलाला मी तंबाखू खाताना पकडले आणि भर वर्गात उभे केले. तो म्हणाला, "सर, तुमच्या बी खिशात पुडी हाय की." वर्ग हसला नाही, हे मला अधिक लागले. नंतर त्याला एकट्याला विचारले. आईबापांबरोबर तो फडावर जाई. पहाटे थंडीत मोळ्या वाहताना भूक मरावी, झोप उडावी म्हणून चिमूट घ्यायला शिकला होता. मी फडावर वडिलांजवळून तशीच शिकलो होतो! त्या दिवशी पुडी टाकली. दोनदा पुन्हा हात गेला, तिसऱ्यांदा सुटली. तो मुलगा आणि मी रोज सकाळी एकमेकांना खिसे दाखवीत होतो. पुढच्या हंगामात त्याला फडावर न नेता हंगामी वसतिगृहात ठेवावे, म्हणून मी त्याच्या आईबापांचे पाय धरले. नुसता उपदेश पुरत नाही. मुलाला भुकेच्या जागेवरून हलवावे लागते.

कायदाही मुलांच्या बाजूने आहे. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणे गुन्हा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाला दारू वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी टपरीवर पोराला पुडी आणायला कोण पाठवितो? आपणच.

शेवटची गोष्ट कडू आहे. टोळ्या हंगाम संपवून परततात, हातात थोडा पैसा असतो, आणि १४ एप्रिल येतो. मिरवणुकीत काही जण झिंगून नाचतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्यांच्याच प्रतिमेपुढे ती मोडताना मुले पाहतात आणि धडा घेतात. त्या धड्यापुढे माझा फळा काय करणार?

म्हणून येत्या पौर्णिमेला प्रत्येक विहारात तीन गोष्टी कराव्यात. पंचशीलाचा मराठी अर्थ मुलांकडून म्हणवून घ्यावा. मोठ्यांनी आपल्या पुड्या मुलांसमोर बाहेर टाकाव्यात. ज्याला सुटत नाही त्याला हिणवू नये. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तो विहाराच्या भिंतीवर लिहावा.

मुले आपले ऐकत नाहीत, आपल्याकडे पाहतात. आधी आपले खिसे पाहू.

जय भीम!