एक दिवसाआड गोळी

२०१८ साली बाबांची अँजिओप्लास्टी झाली. केशरी रेशनकार्डावर, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. बिल भरावं लागलं नाही, म्हणून डॉकयार्ड रोडजवळच्या आमच्या चाळीत आईने पेढे वाटले. घरी आल्यावर दर महिन्याला दोन हजार रुपयांवरच्या गोळ्या लागणार होत्या, त्याचा हिशेब तेव्हा कोणीच केला नव्हता.

१. घरातल्या माणसाच्या गोळ्या मोजा.
चार महिन्यांनी बिस्किटांच्या डब्यात मला संपायला हव्या होत्या त्या स्ट्रिपा अर्ध्या भरलेल्या सापडल्या. बाबा एक दिवसाआड गोळी घेत होते. "बरं वाटतंय गं, उगाच कशाला तुझ्या पगारातून?" म्हणाले. त्यात क्लोपिडोग्रेल होती. अँजिओप्लास्टीत बसवलेल्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ती. ती मध्येच सोडली तर घातलेला स्टेंटच बंद पडू शकतो, हे डिस्चार्जच्या दिवशी कोणी समजावून सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात रात्री त्यांच्या छातीत दुखलं आणि टॅक्सीत त्यांचा हात धरून बसले, तेव्हा कळलं की वाचवलेले पैसे कशातून वाचत होते. सुदैवाने वेळेत पोहोचलो. बाबांवर मी रागावले नाही. कमावत्या मुलीकडे दर महिन्याला पैसे मागणं त्यांना जड जात होतं.

२. "परवडत नाही" हे डॉक्टरांसमोर बोला.
मेडिकलवाल्यासमोर बोलून उपयोग नाही, तोवर चिठ्ठी लिहून झालेली असते. मी बोलले, तर डॉक्टरांनी दोन गोळ्या बंदच केल्या. एक अ‍ॅसिडिटीची होती, एक टॉनिकची. उरलेल्यांची मूळ नावं त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून दिली. जेनेरिक नाव, स्पष्ट अक्षरात, असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच केला आहे. मागायला संकोच कशाला?

३. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा.
औषध तेच, किंमत पन्नास ते नव्वद टक्के कमी. साध्या दुकानातल्या जेनेरिकवर छापलेली एमआरपी मात्र बघून विश्वास ठेवू नका, ती पुष्कळदा फुगवलेली असते, भाव विचारा. गोळी बदलली की डॉक्टरांना एकदा दाखवायची, एवढं पथ्य मी पाळते.

४. रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला पुन्हा भेटा.
योजनेत तेव्हा शस्त्रक्रियांच्या जोडीला १२१ पाठपुराव्याची पॅकेजेस होती, म्हणजे काही उपचारांनंतरची तपासणी आणि औषधंही. आम्ही विचारलंच नाही. डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी पळालो. आज कोणाच्या घरी ऑपरेशन होत असेल तर मी आधी हेच सांगते: सुट्टी मिळण्याआधी आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा आणि पुढच्या औषधांचं विचारा.

५. समाजसेवा अधीक्षकाची खोली शोधा.
जेजे असो की केईएम, सरकारी-पालिका रुग्णालयात ती असते, बहुतेकदा एखाद्या लांबच्या कोपऱ्यात. कुठला ट्रस्ट कशाला मदत देतो हे तिथे माहीत असतं. रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि केसपेपर यांच्या चार-चार झेरॉक्स बरोबर ठेवा. धर्मादाय रुग्णालयांनाही उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रकमेचा वेगळा निधी असतो. तो हक्क आहे, उपकार नाही. मुख्यमंत्री सहायता निधी मात्र मोठ्या उपचारांसाठी, पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात. महिन्याच्या गोळ्यांना त्याचा आधार नाही.

६. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी पालिकेचा दवाखाना.
नोव्हेंबर २०२२ मध्ये 'आपला दवाखाना' सुरू झाला. कामावरून सुटल्यावर संध्याकाळीही जाता येतं. आईची बीपीची गोळी तिथूनच येते, फुकट.

बाबांची क्लोपिडोग्रेल डॉक्टरांनी पुढे स्वतःहून थांबवली. बाकीच्या गोळ्या चालूच आहेत. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी ते बिस्किटांचा डबा माझ्यासमोर ठेवतात आणि रिकाम्या स्ट्रिपा बाहेर काढतात.