भट्टीपासून सुरुवात करा

प्रश्न : कोल्हापूरजवळ आमची छोटी फौंड्री आहे. मोठे ग्राहक आता कार्बनचा हिशेब मागतात. हे धंद्याच्या नियोजनात कसं बसवायचं?

उत्तर : ही मागणी वाढतच जाणार. सेबीच्या नियमानुसार 2022-23 पासून बाजारमूल्यानं पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, आणि त्यांची नजर साहजिकच पुरवठादारांकडेही वळते.

महिंद्र अँड महिंद्रनं 2016 मध्ये अंतर्गत हिशेबापुरती कार्बनची किंमत ठरवली : टनाला 10 डॉलर. नव्या गुंतवणुकीचं गणित मांडताना उत्सर्जनही खर्चाच्या रकान्यात आलं. लहान कारखान्यालाही हे जमतं.

फौंड्रीत सर्वाधिक ऊर्जा धातू वितळवण्यात जाते. म्हणून एक टन चांगल्या कास्टिंगमागे किती युनिट वीज लागली, हे रोज फळ्यावर लिहावं. रिजेक्शन घटलं की तोच धातू पुन्हा वितळवावा लागत नाही; उत्सर्जन कमी करण्याचा याहून स्वस्त मार्ग क्वचितच सापडेल. वापरलेली वाळू रिक्लेम केली, तर नव्या वाळूची खरेदी आणि टाकाऊ वाळूचे ढीग, दोन्ही आटोक्यात येतात.

कॉम्प्रेसरच्या हवेची गळती सुट्टीच्या दिवशी, यंत्रं बंद असताना शोधावी. ती चक्क ऐकू येते. सौर पॅनेलचा आकार ठरवायचा तो ही गळती थांबवल्यानंतरच.