भूक मारायची की वळवायची?

आजचं वाचन: याकोब १:१२-१८
सोबत वाचा: २ शमुवेल ११ व १२, मत्तय ४:१-११, १ पेत्र २:१-३



तरुणांच्या बायबल अभ्यासात एक प्रश्न कधी ना कधी येतोच. तो सगळ्यांसमोर क्वचितच विचारला जातो. शेवटची प्रार्थना होते, सगळे चपला घालायला निघतात आणि कोणीतरी मागे रेंगाळतं. मग हळूच विचारतं, "मनात तसा विचार आला म्हणजे पाप झालंच ना?"

विचार कशाचा, ते ज्याचं त्याचं वेगळं असतं. कोणाला फोनवर रात्री काय बघितलं जातं याची लाज वाटते. कोणाला मैत्रिणीच्या साखरपुड्याचे फोटो बघून पोटात जळतं. कोणाला पैशाची हाव सुटत नाही. पण भीती एकच असते: माझ्या आत असं काही उठतं, म्हणजे मी देवाचा आहे की नाही?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरं दिली जातात. एक, "हो, झालंच पाप." हे ऐकलेला मुलगा आधी प्रार्थनेत गप्प होतो आणि मग उपासनेला यायचाच बंद होतो. दुसरं, "अरे, वयच आहे, एवढं चालतं." हे ऐकलेला निर्धास्त होतो आणि सावध राहायचं सोडून देतो. याकोब या दोन्हींपैकी एकही उत्तर देत नाही. तो काय म्हणतो ते आज नीट बघू या.

मोह येतो कुठून?

तेराव्या वचनात याकोब पहिली गोष्ट साफ करतो: देव कोणालाही वाइटाचा मोह घालत नाही. चौदाव्या वचनात तो सांगतो की माणूस ओढला जातो तो स्वतःच्याच वासनेने.

इथे मूळ ग्रीक भाषेतली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'परीक्षा' आणि 'मोह' यांसाठी नव्या करारात एकाच मूळाचे शब्द येतात. अध्यायाच्या सुरुवातीला याकोब नाना प्रकारच्या परीक्षांत आनंद माना असं सांगतो, तिथेही तोच शब्द आहे. का? कारण बाहेरचा प्रसंग पुष्कळदा एकच असतो. समजा नोकरी गेली आणि दोन हप्ते थकले. हाच प्रसंग देवावरचा भरवसा पक्का करू शकतो, आणि हाच प्रसंग खोटं अनुभवपत्र जोडायला लावू शकतो. परिस्थिती तीच. फरक पडतो तो आत काय घडतं त्याने.

आणि आपल्याला आत बघायचं नसतं. एदेन बागेत आदामाने देवालाच ऐकवलं की ही बाई तूच मला दिलीस (उत्पत्ती ३:१२). आज आपण म्हणतो, "मी काही शोधलं नव्हतं, ती रील आपोआप समोर आली." आली असेलही. पण याकोबाने 'भुलवला जातो' यासाठी वापरलेला शब्द आमिष या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. गळाला लावलेलं आमिष बाहेरून येतं हे खरं, पण मासा तोंड उघडतो ते पोटातल्या भुकेमुळे. गळ टाकणाऱ्याला माशाची भूक ठाऊक असते. आपल्यालाही आपली भूक ठाऊक असायला हवी.

मग भूक असणंच पाप आहे का?

नाही. याकोबाने 'वासना' या अर्थी जो शब्द वापरला आहे, तोच शब्द लूक २२:१५ मध्ये प्रभू येशूच्या तोंडी आहे. शिष्यांबरोबर वल्हांडणाचं भोजन करण्याची आपली उत्कट इच्छा होती, असं तो तिथे सांगतो. पौलही फिलिप्पै १:२३ मध्ये ख्रिस्ताजवळ जाऊन राहण्याच्या इच्छेबद्दल बोलताना तोच शब्द वापरतो. म्हणजे तीव्र इच्छा मुळातच घाणेरडी नाही. ती कशाकडे वळली आहे, ते महत्त्वाचं.

प्रभूची अरण्यातली परीक्षा आठवा. चाळीस दिवसांच्या उपासानंतर त्याला भूक लागली, असं मत्तय सरळ लिहितो. भूक लागली म्हणून त्याने पाप केलं असं कोणी म्हणेल का? इब्रीकरांस पत्र ४:१५ सांगतं की तो आपल्यासारखाच सर्व प्रकारे पारखला गेला, पण निष्पाप राहिला. म्हणजे मोह समोर येणं आणि पापात पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागे रेंगाळणाऱ्या त्या मित्राला मी आधी हेच सांगते.

"पण मग मत्तय ५:२८ चं काय?" असा पुढचा प्रश्न येतो, आणि तो यायलाच हवा. तिथे प्रभू वासनेने पाहण्याला मनातला व्यभिचार म्हणतो. मूळ वाक्यरचनेत पाहण्यामागचा हेतू आहे: अभिलाषा धरण्यासाठी पाहणं. नजर जाणं वेगळं आणि नजर लावून बसणं वेगळं. पहिलं आपल्या हातात नेहमी नसतं. दुसरं असतं. मनातलं पाप हे खरंच पाप आहे, पण मनात डोकावलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे आपण तिला घरात बसवलं असं नव्हे.

पंधरावं वचन हीच वाट पायरीपायरीने दाखवतं. वासना गर्भवती होते, ती पापाला जन्म देते, पाप पूर्ण वाढतं आणि मरणाला जन्म देतं. गर्भ राहण्यापासून जन्मापर्यंत वेळ जातो. म्हणजेच थांबायला जागा असते.

गच्चीवरचा दावीद

ही वाट डोळ्यांनी बघायची असेल तर २ शमुवेल ११ वाचा. राजे लढाईवर जातात त्या दिवसांत दावीद यरुशलेमेत मागे राहिला आहे. संध्याकाळी तो पलंगावरून उठतो, गच्चीवर फिरतो आणि बथशेबेला पाहतो. इथे तो थांबू शकला असता. तो चौकशी करायला माणूस पाठवतो. उत्तर येतं की ही उरीयाची बायको आहे. आता तर थांबायलाच हवं होतं! तो पुन्हा माणसं पाठवतो आणि तिला आणवतो. ती गरोदर राहते. मग उरीयाला बोलावणं, त्याला दारू पाजणं, शेवटी त्याच्याच हाती योआबाला पत्र देऊन त्याला लढाईच्या तोंडी उभं करणं. एका संध्याकाळच्या नजरेपासून एका निष्ठावान माणसाच्या मरणापर्यंत. याकोबाचं पंधरावं वचन इथे अक्षरशः घडलेलं दिसतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. दोष बथशेबेचा नाही. नाथान संदेष्टा जाब विचारतो तो दाविदाला. दुसऱ्याचे कपडे, दुसऱ्याचं वागणं पुढे करून आपली वासना झाकता येत नाही.

आमिष नेमकं काय सांगतं?

आता नाथानाचे शब्द लक्ष देऊन वाचा (२ शमुवेल १२:७-८). देव दाविदाला त्याच्या पापाची यादी लगेच ऐकवत नाही. आधी तो काय काय दिलं ते सांगतो: अभिषेक दिला, शौलापासून सोडवलं, राज्य दिलं. आणि एवढं कमी वाटलं असतं तर आणखीही दिलं असतं! मला हे वचन फार हलवतं. देवाचं दुखणं काय आहे? नियम मोडला हे तर आहेच, पण त्याआधी देणाऱ्यालाच तुच्छ मानलं.

प्रत्येक आमिषाच्या आत हाच गळ असतो. एदेन बागेत सगळ्या झाडांची फळं मोकळी होती, पण सापाने बोलणं फिरवलं ते एका झाडावर: देव तुमच्यापासून काहीतरी राखून ठेवतोय. अरण्यातही तेच. नुकताच बाप्तिस्मा झाला होता आणि बापाने स्वर्गातून हा माझा प्रिय पुत्र आहे असं सांगितलं होतं. लगेच सैतान म्हणतो, पुत्र असशील तर धोंड्यांच्या भाकरी कर. म्हणजे बाप देईल याची वाट बघू नकोस, स्वतःच घे. प्रभूने भूक नाकारली नाही. बापाला सोडून ती भागवायचं नाकारलं. आणि शेवटी देवदूतांनी येऊन त्याची सेवा केली.

रात्री एकटं वाटतं तेव्हा मन काय म्हणतं? "देवाला माझी पडलेली नाही, निदान हे तरी मिळू दे." सगळ्यांचं लग्न ठरतं तेव्हा? "देव बाकीच्यांचं ऐकतो." म्हणूनच मोहाबद्दल बोलून झाल्यावर याकोब सोळाव्या वचनात बजावतो, फसू नका. आणि सतराव्यात लगेच देवाच्या दानांकडे वळतो: प्रत्येक उत्तम दान वरून, प्रकाशाच्या पित्यापासून येतं, आणि तो बदलत नाही. मोहाविरुद्धचं त्याचं पहिलं औषध आहे बापाच्या चांगुलपणाची आठवण.

दोन जन्म

पंधराव्या वचनात पाप मरणाला जन्म देतं. अठराव्या वचनात देव सत्याच्या वचनाने आपल्याला जन्म देतो. दोन्हीकडे मुळात एकच क्रियापद आहे, आणि संपूर्ण नव्या करारात ते याच दोन ठिकाणी येतं. याकोब आपल्याला जणू दोन घरं दाखवतो. एका घरात वासना वाढते आणि मरण जन्मतं. दुसऱ्या घरात वचन पेरलं जातं आणि आपण जन्मतो.

आणि जन्मलेल्या बाळाला काय लागतं? भूक! पेत्र म्हणतो, नुकत्याच जन्मलेल्या बाळांसारखी निर्मळ दुधाची ओढ धरा, म्हणजे तुमची वाढ होईल. जे बाळ दूध मागत नाही, त्याची आई काळजीत पडते. आध्यात्मिक वाढ म्हणजे काही न वाटणारं, कोरडं मन तयार करणं असा आपला समज असतो. वचन उलट सांगतं. वाढ होते ती भुकेनेच, फक्त ताट बदलावं लागतं. बाराव्या वचनातला जीवनाचा मुगूटही कोणाला देऊ केला आहे बघा: देवावर प्रीती करणाऱ्यांना.

आज काय करायचं?

१. तरतूद काढून टाका. रोम १३:१४ सांगतं की प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा आणि देहवासनांसाठी तरतूद करू नका. ३८६ साली मिलान शहरातल्या एका बागेत ऑगस्टीनने हाच भाग वाचला आणि त्याचं आयुष्य बदललं. त्याला शुद्धता हवी होती, पण ती पुढे ढकलायची सवयही होती. आपली तरतूद कोणती? उशीखालचा फोन? डिलीट न केलेलं एक चॅट? एका क्लिकवर कर्ज देणारं अ‍ॅप? भूक लागल्यावर लढू असं म्हणू नका. आमिष आधीच उचलून टाका.

२. पळा. पोटीफराची बायको योसेफाला रोज गळ घालत होती आणि तो तिच्याजवळ थांबायचंही टाळत होता. शेवटी तो वस्त्र टाकून पळाला (उत्पत्ती ३९). त्यासाठी त्याला तुरुंग भोगावा लागला. आज्ञापालनाचं फळ नेहमी लगेच गोड लागतं असं वचन म्हणत नाही. पण तुरुंगातही परमेश्वर त्याच्याबरोबर होता असं त्याच अध्यायाच्या शेवटी लिहिलं आहे.

३. एका माणसाला सांगा. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगतं. दहा जणांना नको. विश्वासातलं पोक्त, तोंडाचं घट्ट असं एक माणूस पुरे. मुलींनी ताई किंवा मावशी, मुलांनी दादा किंवा पाळकसाहेब शोधावेत.

४. भुकेचं नाव देवासमोर घ्या. "प्रभू, मला मोहापासून सोडव" एवढ्यावर थांबू नका. "प्रभू, मला एकटं वाटतंय", "मला कौतुक हवंय", "मला उद्याची भीती वाटतेय" असं सांगा. जी भूक बापाला सांगितली, तिला चोरून खायची गरज कमी होते.

आणि कोणी म्हणेल, "ताई, मी गच्चीवरून कधीच खाली उतरलोय. आता उशीर झालाय." दावीदही उतरला होता. स्तोत्र ५१ त्याच्याच त्या दिवसांचं आहे. पापाचे परिणाम त्याला भोगावे लागले, ते वचन लपवत नाही. पण तो परत आला आणि देवाने त्याला टाकलं नाही. १ योहान १:९ आज उघडून वाचा. दार अजून उघडं आहे.

मनन करा

- माझा मोह कोणत्या भुकेवर आमिष लावतो?
- देव माझ्यापासून काय राखून ठेवतोय असं मला वाटतं?
- या आठवड्यात कोणती एक तरतूद मी काढून टाकणार?

प्रार्थना

प्रकाशाच्या पित्या, तू चांगला आहेस हे आम्ही विसरतो, आणि विसरलो की भलत्याच ताटाकडे हात जातो. आमची भूक तुला ठाऊक आहे. ती मारू नकोस, तुझ्याकडे वळव. जे आज लाजेने गप्प आहेत त्यांना बोलायला धीर दे, आणि त्यांचं ऐकून घेणारं माणूस दे. वचनाने तू आम्हाला जन्म दिलास, आता वचनानेच वाढव. प्रभू येशूच्या नावाने मागतो, आमेन.