आतड्याच्या कर्करोगानंतरची शेतातली काळजी



या वेळी खोडव्याचा विषय बाजूला ठेवतो. गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन मला चार वर्षे झाली. गाठ गेली, पण उपचारांनी मागे ठेवलेले त्रास राहिले. लाजेपोटी त्यावर कोणी बोलत नाही.

गुदाशय काढला की मळ साठवायची जागा कमी होते. मग दिवसातून आठ-आठ वेळा, कधी तासात तीनदा जावे लागते. कळ आली की दम धरवत नाही. यापायी काहीजण जेवणच तोडतात. तसे करू नये. डॉक्टर जुलाब आवरणारी गोळी देतात, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवतात. मला दोन्हींचा गुण आला.

दुसरा त्रास नसांचा. ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाने हातपाय बधिर होतात. औषध थांबल्यावरही काही महिने बधिरपणा वाढू शकतो, कुणाचा वर्षानुवर्षे राहतो. गेल्या साली घरच्या खोडव्यात अनवाणी दारं धरताना बुडखा तळव्यात घुसला, मला पत्ताच नाही! रक्त मंडळींनी पाहिले. तेव्हापासून गमबूट, आणि रात्री दिव्याखाली तळवे बघणे. आमचे चिटबॉय हसतात. हसू देत.

पोटावर पिशवी असेल तर खताचे पोते उचलू नये, तिथे हर्निया होतो. रक्त पडले, वजन उतरले, तर जुनेच दुखणे समजून घरी बसू नका.

कोणाला विचारायचे असेल तर गट ऑफिसला या. दार लावून बोलू.