शाळेचे अंतर आणि अपिलाचा अधिकार

पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाचे १९७६ साली उद्घाटन झाले. नाथसागराच्या फुगवट्यामुळे काठावरील अनेक गावांच्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. २०२२ साली गंगापूर तालुक्यातील भिवधानोरा येथील मुले थर्मोकोलच्या तराफ्यावरून पाणी ओलांडून शाळेस जात असल्याचे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले. अशा ठिकाणी नकाशावर पट्टी ठेवली तर शाळा जवळच दिसते. मधले पाणी पट्टीला दिसत नाही. वाहतूक सुविधेस मूल पात्र आहे किंवा नाही, हे ठरविताना चूक होते ती बहुधा येथेच.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याखालील राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार इयत्ता पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही शाळेची परिसर-मर्यादा आहे. वस्ती लहान असल्याने तेथे शाळा काढणे शक्य नसेल, तर मोफत वाहतुकीसारखी व्यवस्था करावयाची असते. समग्र शिक्षा योजनेत यासाठी प्रत्येक मुलामागे वर्षाला कमाल ६,००० रुपयांची तरतूद आहे. केंद्राच्या २०१० च्या नियमांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे : दुर्गम भूभाग, पुराचा धोका, रस्त्याचा अभाव अशा ठिकाणी ही मर्यादा कमी करण्यास वाव ठेवलेला आहे. अपंगत्वामुळे शाळेपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या बालकांसाठी सुरक्षित वाहतुकीचा उल्लेखही त्यातच आहे. म्हणजे "अंतर एक किलोमीटरच्या आत आहे" एवढे म्हटल्याने प्रश्न मिटत नाही.

कन्नड, सोयगाव तालुक्यांतील डोंगराळ भागातील तांडे आणि शेतवस्त्या यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात घ्यावे लागते. उन्हाळ्यात कोरडा असलेला ओढा आषाढात वाहू लागला की वाट बंद होते, आणि पाहणी बहुधा उन्हाळ्यातच झालेली असते!

नकार पुष्कळदा तोंडीच मिळतो. "तुमची वस्ती यादीत बसत नाही" असे सांगून पालकाला परत पाठविले जाते. अपिलाची पहिली पायरी म्हणूनच नकार लेखी मागणे ही होय. तो न मिळाल्यास अंतराची नोंद, पाहणी अहवाल आणि वस्त्यांची यादी यांच्या प्रती माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात. त्यास साधारणपणे ३० दिवसांची मुदत आहे.

अधिनियमाच्या कलम ३२ अन्वये बालकाच्या हक्कासंबंधी गाऱ्हाणे असलेली कोणतीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते. ती पालकानेच केली पाहिजे असे नाही. शिक्षक किंवा सरपंचही ती करू शकतात. ग्रामीण भागात ती गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे, तर शहरात महानगरपालिकेकडे द्यावी. संबंधितांना म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन तीन महिन्यांच्या आत निर्णय देणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. तो निर्णय मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीच्या प्रतीवर आवक क्रमांक व दिनांक घेण्यास विसरू नये, कारण मुदत मोजावयाची ती त्यावरून.

अर्जात गरिबीचे वर्णन लांबवण्यापेक्षा वाटेचे वर्णन नेमके करणे अधिक उपयोगी पडते. घराच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत मूल प्रत्यक्ष चालते ती वाट मोजावी. ओढा कोठे लागतो, पूल आहे काय, पावसाळ्यात किती दिवस वाट बंद असते, महामार्ग ओलांडावा लागतो काय, हे तारखांसह लिहावे. हजेरीपटावरील पावसाळ्यातील गैरहजेरी हा मुख्याध्यापकांच्या हातातील उत्तम पुरावा आहे. तो पुष्कळदा कपाटातच राहतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव सोबत जोडल्यास प्रकरण एका कुटुंबाचे न राहता वस्तीचे होते. अधिकाऱ्यांनीही शक्य तेथे ती वाट एकदा स्वतः चालून पाहावी. कागदावरील वादांपैकी पुष्कळसे तेथेच संपतात.

येथे एक फरक ध्यानी ठेवावा. कलम ३२ चा हा मार्ग सहा ते चौदा वर्षे वयाच्या, म्हणजे सामान्यतः आठवीपर्यंतच्या बालकांचा आहे. त्यापुढील वर्गांतील मुलींसाठी निवडक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या बसगाड्या धावतात. त्यांच्या मार्गाविषयीचे किंवा थांब्याविषयीचे गाऱ्हाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे न्यावयाचे असते. बस वस्तीवर न येता फाट्यावरूनच परत जात असेल, तर फाटा ते वस्ती हे अंतर आणि सायंकाळी बस पोहोचण्याची वेळ या दोन्ही गोष्टी त्या अर्जात नमूद कराव्यात.