ध्यानाची मात्रा : रुग्णास किती वेळ सांगावा?

औषधाची चिठ्ठी लिहिताना आपण द्रव्य, मात्रा, काळ आणि अनुपान या चारही गोष्टींचा उल्लेख करतो. त्याच चिठ्ठीच्या शेवटी मात्र ‘रोज ध्यान करावे’ एवढेच लिहून आपण मोकळे होतो. रुग्ण पहिल्या दिवशी उत्साहाने तासभर बसतो, चौथ्या दिवशी कंटाळतो आणि ध्यान आपल्याला जमत नाही, असा कायमचा ग्रह करून घेतो. केवळ मात्रा न सांगितल्यामुळे एक उपयुक्त उपाय वाया जातो. म्हणून प्रस्तुत लेखात या मात्रेचाच विचार करावयाचा आहे.

शास्त्रविचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा सांगितली आहे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणे हा सत्त्वावजय होय, आणि ध्यान हे त्याचे एक साधन आहे. एका बैठकीचा काळ पातंजल योगसूत्रांत दिलेला नाही. अभ्यास दृढ होण्यासाठी तेथे दीर्घकाळ, अखंडितपणा आणि आदर या अटी घातल्या आहेत. आमच्या मते येथील दीर्घकाळ हा बैठकीच्या लांबीपेक्षा वर्षानुवर्षे चालणाऱ्या क्रमाचा बोधक आहे.

आहाराची मात्रा अग्निबलावर ठरते. बलवान व्यक्तीनेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, असे वाग्भटाचार्य सांगतात. हाच न्याय युक्तीने ध्यानास लावता येतो. रुग्ण कमाल जितका वेळ स्वस्थ बसू शकतो, त्याच्या निम्म्यापासून प्रारंभ करावा. बैठक संपताना ‘अजून थोडे बसता आले असते’ असे वाटणे, हे मात्रा योग्य असल्याचे लक्षण समजावे.

आधुनिक अनुभव

आज प्रचलित असलेल्या पद्धतींत वेळेबाबत एकवाक्यता नाही. भावातीत ध्यानात २० मिनिटे दोन वेळा सांगतात. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या क्रमात रोज सुमारे ४५ मिनिटांचा सराव असतो. गोयंका गुरुजींच्या परंपरेतील विपश्यना साधकांना सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसण्यास सांगतात. सुचवलेला वेळ प्रत्यक्षात किती पाळला जातो, हे २०१७ च्या एका संकलित अभ्यासात तपासले गेले. आठ आठवड्यांच्या अशा क्रमांतील व्यक्तींनी घरी सरासरी सुमारे ६४ टक्के सराव केल्याचे त्यात दिसले. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवशिक्यांकडून रोज १३ मिनिटे ध्यान करवून घेतले. चार आठवड्यांनी फरक आढळला नाही. आठ आठवड्यांनी मात्र मनःस्थिती, अवधान आणि स्मृती यांत सुधारणा दिसली. एका लहान अभ्यासावरून सिद्धान्त मांडू नये. तरी अल्प मात्रेस पुरेसा काळ द्यावा लागतो, हा बोध घेण्याजोगा आहे.

मात्रानिश्चिती

१. प्रारंभी सकाळी पाच आणि सायंकाळी पाच मिनिटे सांगावीत. आठवडाभर खंड पडला नाही, तरच प्रत्येक बैठकीत दोन-तीन मिनिटे वाढवावीत. संसारी, नोकरदार रुग्णास १५ ते २० मिनिटांची मर्यादा बहुधा पुरेशी होते.

२. सत्त्वपरीक्षा करावी. प्रवरसत्त्व व्यक्ती एकटी बसू शकते. मध्यमसत्त्वास इतरांच्या आधाराने धीर येतो, म्हणून त्यास कुटुंबीयांसमवेत बसवावे. अवरसत्त्वास आपल्या समक्ष, अगदी थोडा वेळच बसवावे.

३. वातप्रधान रुग्णास अल्पकाळ, शक्यतो अभ्यंगानंतर बसवावे. कफप्रधानास तंद्रा येत असल्यास बसण्यापूर्वी थोडे चालण्यास सांगावे. पित्तप्रधान रुग्ण ध्यानाचीही स्पर्धा करतो. त्यास वरची मर्यादा आवर्जून घालून द्यावी.

४. भोजनानंतर लगेच बसू नये.

ब्राह्ममुहूर्त आणि निद्रा

ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटे सुरू होतो आणि ४८ मिनिटे चालतो. सूर्योदय साडेसहाचा असल्यास तो ४ वाजून ५४ मिनिटांनी लागतो. रात्री बारास निजणाऱ्या रुग्णाने ध्यानासाठी त्या वेळी उठावे, हा सल्ला निद्रानाशास निमंत्रण आहे. अष्टांगहृदयातील हा नियम स्वस्थ व्यक्तीस उद्देशून आहे, हे विसरू नये. रुग्णाच्या निद्रेतून ध्यानाचा वेळ काढू नये. आधी निजण्याची वेळ मागे आणावी.

अतियोगाची लक्षणे

झोप कमी होणे, भीती, चिडचिड, आप्तांपासून तुटल्याची किंवा आपण आपणच नसल्याची भावना दिसल्यास मात्रा कमी करावी किंवा ध्यान थांबवावे. ध्यानाशी संबंधित ८३ अभ्यासांच्या २०२० मधील आढाव्यात अशा अनिष्ट परिणामांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आढळले. उन्मादाचा पूर्वेतिहास असलेल्यास दीर्घ मौन शिबिरास परस्पर पाठवू नये. मानसरोगतज्ज्ञांची औषधे ध्यानाच्या भरवशावर बंद करू देऊ नयेत.

औषधालयचालकांचे उत्तरदायित्वही येथे मोठे आहे. ब्राह्मी किंवा सारस्वतारिष्ट मागणारा ग्राहक झोप येत नाही, मन लागत नाही, असे बहुधा प्रथम त्यांनाच सांगतो. त्यास ध्यानाचा मोघम उपदेश न करता वैद्याकडे पाठवावे.

यापुढे चिठ्ठीवर ध्यानाची मिनिटे, वेळ आणि पुनर्तपासणीचा दिनांक लिहावा, आणि पुढील भेटीत किती दिवस खंड पडला हे प्रथम विचारावे. खंड पडला असल्यास रुग्णास दोष न देता मात्रा निम्मी करावी.