स्टिअरिंगमागच्या दोन पट्ट्या : गिअर बदलतो कोण?

स्पोर्ट्स कारच्या स्टिअरिंगमागे बोटांना सहज लागतील अशा दोन पट्ट्या असतात. उजवी ओढली की वरचा गिअर पडतो, डावी ओढली की खालचा. पायाखाली क्लच नसतो. या पट्ट्यांना पॅडल शिफ्टर म्हणतात. आपल्या वाचकांत गॅरेज चालवणारे आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे बरेच बंधू आहेत, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. पॅडल म्हणजे केवळ एक बटण. ताग्यावरचा शिक्का पाहून आतले सूत कळत नाही, तसे पॅडल पाहून आतला गिअरबॉक्स कळत नाही.

याची सुरुवात रेसच्या मैदानात झाली. जॉन बर्नार्ड या इंग्रज इंजिनिअरने फेरारीसाठी ६४० ही गाडी बनवली. गिअरचा दांडा काढला तर गाडीचा सांगाडा अरुंद करता येईल आणि ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतील, असा त्याचा हिशेब. मार्च १९८९ मध्ये ब्राझीलच्या शर्यतीत ही गाडी प्रथमच उतरली आणि नायजेल मॅन्सेल चक्क जिंकला. पण पुढे गाडी वारंवार बंद पडू लागली. दुसरा ड्रायव्हर गेर्हार्ड बर्गर याला त्या वर्षी तीनच शर्यती पूर्ण करता आल्या. नवीन हुन्नर पहिल्याच वर्षी नफा देत नाही, हे आपणा व्यापाऱ्यांना नवे नाही. १९९७ मध्ये फेरारीने एफ ३५५ या रस्त्यावरच्या गाडीत हीच सोय दिली.

त्या गाडीचा गिअरबॉक्स मुळात साधा हाताचाच होता. फरक इतकाच की क्लच दाबणे आणि गिअर सरकवणे ही कामे तेलाच्या दाबावर चालणारे पिस्टन करत आणि हुकूम कॉम्प्युटर देई. क्लच एकच असल्याने प्रत्येक गिअरला ताकद क्षणभर तुटते, म्हणून सावकाश चालवताना झटका जाणवतो.

हा झटका घालवणारी युक्ती म्हणजे दोन क्लच. एकावर १, ३, ५ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६. गाडी तिसऱ्यात धावत असताना चौथा आधीच लागून तयार असतो. पॅडल ओढताच एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि ताकद जवळजवळ तुटतच नाही. ही कल्पना फ्रान्सच्या अडॉल्फ केग्रेसने १९३९ मध्येच मांडली होती. पोर्शने ती १९८० च्या दशकात रेसमध्ये वापरली. रस्त्यावरच्या गाडीत ती फोक्सवॅगनने २००३ मध्ये गोल्फ आर ३२ मध्ये आणली, आणि पोर्श ९११ मध्ये २००८ साली आली.

तिसरा प्रकार जुन्या ऑटोमॅटिकचा. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. पूर्वी हा प्रकार सुस्त म्हणून बदनाम होता. आता तो इतका सुधारला आहे की बीएमडब्ल्यूने २०१७ च्या एम ५ मध्ये दोन क्लच सोडून हाच बसवला. माझ्या मते गर्दीत रोज चालवणाऱ्याला हाच बरा. कोणत्याही प्रकारात शेवटचा शब्द कॉम्प्युटरचा असतो. भलत्या वेगात खालचा गिअर मागितला तर तो देतच नाही.

हे आपल्या दारापर्यंतही आले आहे. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी दिली. तिचे यंत्र मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीचे. फेरारीच्या १९८९ च्या गिअरबॉक्सच्या कामातही तीच कंपनी होती. सेलेरिओला पॅडल नाही, पण तत्त्व तेच, साध्या गिअरबॉक्सला यंत्राचे हातपाय.

म्हणूनच मेकॅनिक बंधूंनी सावध राहावे. एएमटीची क्लच प्लेट बदलून काम संपत नाही. नवी प्लेट नेमकी कोठे धरते, हे स्कॅनर लावून कॉम्प्युटरला शिकवावे लागते. नाहीतर गाडी झटके देते आणि गिऱ्हाईक परत येते. गिऱ्हाइकालाही सांगावे की घाटात चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर रोखून धरू नये, ब्रेक दाबावा. क्लच एक असो वा दोन, अशाने तो तापून जळतो. आणि जुनी गाडी घेताना पॅडल आहे का, हे विचारण्याआधी गिअरबॉक्स कोणता आणि क्लच कधी बदलला, हे विचारावे.